रत्नाबाईंच्या गोष्टीला बंदी

रत्नाबाईंचा विषय निघाला की आमच्यातलं कुणी लवकर उठत नाही. एक किस्सा संपतो न संपतो तोच दुसऱ्याला आणखी एक आठवतो. मग चहा पुन्हा टाकावा लागतो!

निजामाच्या अमलात बाई आमच्या बोरीत पवित्र शास्त्र शिकवायला आल्या. रविवारी सांजच्याला कडुलिंबाखाली बसायच्या. गावात ख्रिस्ती घरं चार-दोनच, पण गोष्टी ऐकायला आम्ही सगळेच शेतकरी जायचो. बाईंचं सांगणं एकच: "पाप गाडलं तरी उगवून येतंय!"

*

एकदा त्या म्हणाल्या, शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवणाऱ्याला शास्त्रात शाप आहे. रोख संभावर होता. त्यानं भावाच्या वावरात धुरा सरकवला होता.

सकाळी पाहतो तर शिवारातले तीन धुरे मागं सरकलेले!

"म्या तर एकट्या संभाचं बोलले होते," बाई म्हणाल्या.

*

पाटलांनी एका गरिबाचा कडबा उचलून नेला. वर बाईंनाच विचारतात, "म्या पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ फोडून आलो. फिटलं का माझं पाप?"

"ते नरसिंहाला ठाऊक. पर ज्याचा कडबा नेला, त्याला इचारलं का?"

कडबा काही परत आला नाही. पाटलांनी मात्र लिंबाकडून जाणंच सोडलं. ओढ्यातून चिखल तुडवत जायचे!

*

गंगू म्हणजे आमच्या गल्लीतली विधवा. तिची एकुलती एक बकरी चौकीच्या जमादारानं नेली, पाहुण्यांसाठी कापली आणि वर सांगितलं, "लांडग्यानं नेली."

"लांडगा मसाला बी वाटतो का, जमादार?" रत्नाबाईंनी भर रस्त्यात विचारलं.

गंगूला भरपाई नको होती. "त्याच्या तोंडून ऐकायचंय मला," एवढंच ती म्हणायची. आम्हाला लाज वाटायची, कारण सगळं माहीत असून आम्ही गप्प होतो.

बाई गप्प बसल्या नाहीत. त्या रविवारी त्यांनी शास्त्रातली गोष्ट काढली. श्रीमंतानं गरिबाची एकुलती मेंढी पाहुण्यासाठी कापली. एका साधूनं ते राजाला सांगितलं. राजा भडकला, "कोण तो?" साधूनं बोट दाखवलं, "तूच की!" कारण राजानंही तसाच एका गरिबाचा घास हिरावला होता.

पुढं दर रविवारी तीच गोष्ट! आम्हाला पाठ झाली.

*

जमादाराचा हुकूम आला: "ही गोष्ट पुन्हा सांगितली तर बाईला तालुक्याबाहेर काढीन!"

कुणीतरी म्हणालं, "बाई, राजाच्या जागी सावकार घाला."

"राजाचं पाप सावकाराच्या माथी कशाला मारू?" बाई उसळल्या.

*

पुढच्या रविवारी जमादार स्वतः आला. लिंबाखाली बाज टाकून, छडी घेऊन बसला. बाई समोर बसल्या. हाताची घडी, तोंड बंद. बंदी म्हणजे बंदी!

आमच्याकडं गोष्ट चालू असली की ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. बाई अवाक्षर बोलत नव्हत्या. तेवढ्यात गंगू म्हणाली, "हूं."

मग संभा, "हूं."

"मंग?" मी.

पाठ झालेली गोष्ट आमच्या मनातच पुढं सरकत होती. मेंढी कापायची वेळ झाली तशा बाया हळहळल्या, "अरारा!" जमादार एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागला. राजा भडकायची वेळ आली. आम्ही सगळे ताठ बसलो. आता साधूचं बोट!

बाईंनी फक्त मान वर करून जमादाराकडं पाहिलं.

जमादार ताडकन उठला. छडी खाली पडली.

"म्या एकट्यानं न्हाई खाल्ली!"