लॅमिनेट केलेली मार्कशीट
झेरॉक्सच्या दुकानात तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, की माझी बारावीची मार्कशीट आठवते. सुरतेत भेस्तानच्या आमच्या खोलीत तेलाचे डाग पडतील, म्हणून लूमवर काम करणाऱ्या आबांनी ती हौसेने लॅमिनेट करून आणली होती. परगावच्या कॉलेजात कम्प्युटर इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला, तेव्हा प्रवेशाच्या खिडकीवरचा कारकून प्लास्टिकवर शिक्का टेकवून दाखवत मोठ्याने म्हणाला, "काका, आ नहीं चाले. आना पर सिक्को नहीं बेसे." आबांनी खिशातून धागे कापायचं पातं काढलं आणि प्लास्टिक सोलायला घेतलं. त्याबरोबर शाईही निघू लागली. "फाडो मत," कारकून मला म्हणाला, "बोर्ड से दूसरी ले आओ, आठ दिन हैं." लूमच्या खडखडाटाने आबांचे कान गेलेले. "काय म्हणस तो?" त्यांनी घाबरून विचारलं. मागची रांग ओरडत होती. चार वर्षं हॉस्टेलात एकटीने राहायची मला धास्ती होती, आणि बीसीए तर सुरतेत घरून जाऊन-येऊन होणार होतं. "नाही जमणार म्हणतो," मी म्हणाले. "मी बीसीए करते." आज मी सॉफ्टवेअरमध्येच आहे. आबा मात्र अजून पाहुण्यांना सांगतात, "मी ते प्लास्टिक नसतं लावलं, तर पोरगी इंजिनिअर झाली असती." मी चहा टाकायला उठते.