सुरकुतेमामांची सुंदर स्लाइड

पहिल्याच भेटीत सुरकुतेमामांनी मला अनाथ करून टाकलं. वैद्यकीय कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी पॅथॉलॉजी विभागात पाऊल ठेवलं आणि अवयव टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या वासानं डोळ्यांना असा पूर आला, की फडताळातल्या बरण्या वाहून जातील असं वाटलं. कोणीतरी दगावलं असणार असं समजून मामांनी मला बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "आता धीर धरायचा, बाळा."

"मी विद्यार्थी आहे," मी नाक पुसत म्हणालो.

"मग रडणं बरोबरच आहे!"

मामांचं खरं आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं. शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा केसाहून पातळ काप काढायचा, तो कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायचा आणि गुलाबी-जांभळा रंगवायचा, हे त्यांचं काम. मग मोठे सर सूक्ष्मदर्शकातून पाहून रोग ठरवणार. मामांच्या प्रत्येक कापाला कुठे ना कुठे सुरकुती पडायचीच. म्हणून सुरकुते.

शिकवण्यात मात्र सरांनी मामांकडे शिकवणी लावायला हवी होती. "पेशी म्हणजे माणूसच रे. थोडा त्रास दिला की फुगून बसते, त्रास थांबला की पूर्ववत. पण फार छळलीत तर मरते, मग कितीही समजूत काढा. साधी गाठ माझ्या साडूसारखी. जागच्या जागी फुगते, शेजाऱ्याला ढोसते, पण कुंपण ओलांडत नाही. वाईट गाठ कुंपण तोडते, रक्तात शिरते आणि लांब कुठेतरी दुसरं बिऱ्हाड थाटते."

सरांची तऱ्हा उलटी. साधा रोग दिसला की नुसतं "हं." रोग जितका भयंकर, तितके सर खूश. "वा! काय सुंदर!" असं ते म्हणाले, की आम्ही समजायचो, या पेशंटचं काही खरं नाही.

एका मंगळवारी मामा दिवसभर एकाच बरणीपाशी घुटमळत होते. मामींच्या छातीतली गाठ काढली होती आणि तिचा तुकडा आमच्याच विभागात आला होता. मामांनी तो दुसऱ्या कोणाला शिवू दिला नाही. बुधवारी काप काढताना ते श्वाससुद्धा बेतानंच घेत होते. स्लाइड सरांपुढे ठेवली आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

सरांनी डोळा लावला. काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"वा! काय सुंदर!"

मामा चौकटीवरून घसरत खाली बसले. मी धावलो, त्यांना त्याच बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि तोंडातून निघून गेलं, "धीर धरायचा, मामा."

"याला काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, ती गाठ मामींची आहे."

"मग? साधी गाठ आहे. कुंपण शाबूत, सगळं आतल्या आत. काढली, संपलं."

"पण तुम्ही सुंदर म्हणालात!" मामा ओरडले.

"अरे, काप सुंदर आहे! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सुरकुती नाही. मला वाटलं, चुकून दुसऱ्या कॉलेजची स्लाइड आली!"

मामा हसायला लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहू लागले. "फॉर्मॅलिन," ते म्हणाले. एकोणीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच झोंबलं असावं. मग विभागातल्या फोनवरून ते घरी परतलेल्या मामींशी इतक्या जोरात बोलले, की फोनची गरज नव्हती.

"अगं, साडू निघाला! साडू!"

पलीकडून मामींचा आवाज बाकापर्यंत आला. "भावोजी? आत्ता? अहो, घरात भाजीचं पानसुद्धा नाही!"

गुरुवारपासून कापांना पुन्हा सुरकुत्या पडू लागल्या.