पायलच्या आईला सहावीत बसायचं होतं

चहा गार झाला तरी चालेल, आधी हे तुम्हाला सांगते.

मेडशीजवळच्या एका गावात मी सरकारी शाळेत सहावी-सातवीला एकाच खोलीत शिकवते. मुलं इतकी कमी झालीत की आमचे वर्ग शेजारच्या गावात हलवायची चर्चा आहे. काल मुलांनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं.

आज सकाळी सातवीतल्या पायलची आई दारात उभी. ठेवणीतली साडी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला पाचवीचा दाखला.

"मॅडम, सोयाबीन निघालं, आता मी मोकळी हाय. माह्यं नाव सहावीत लिहा. पोरं कमी पडून राह्यले ना?"

मला हसू आलं. "अहो ताई, मोठ्या माणसाचं नाव नाही लिहिता येत."

"काहून? माह्या गावात सहावी नव्हती, म्हून बाबानं मले घरी बसवलं. वर्ग गेले त पायलचंबी तसंच होईन."

माझं हसू तिथंच थांबलं.

नाव लिहिता येणार नव्हतं. पण परत पाठवायला जीभ रेटेना. त्यांना शेवटच्या बाकावर पायलशेजारी बसवलं. पायल लाजली, मग हळूच आपलं पुस्तक आईपुढे सरकवलं.

मी हजेरी घेतली. सगळी नावं संपली, वही मिटत होते, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हजर, मॅडम."

एकही मूल हसलं नाही.

तुमच्या आईची शाळा कितवीत सुटली? कधी विचारलंय तिला?