बाईंचा काना

दिवाळीच्या सुट्टीआधीचे चार दिवस मला वर्षातले सगळ्यात नकोसे वाटतात. माझ्या दुसरीच्या वर्गात एकवीस पोरं आहेत आणि प्रत्येकाच्या वहीत दहा पानांवर वरची ओळ मी स्वतः लिहून देते. हा कित्ता. त्याच्याखाली सुट्टीत रोज एक पान भरून आणायचं. ‘दिवाळीत आम्ही मातीचा किल्ला करतो’, ‘आई पहाटे उटणं लावते’, असं काहीतरी. दोन वह्यांत ईदच्या शेवया. मुख्याध्यापक दरवर्षी म्हणतात, "अहो बाई, पणत्यांची चित्रं असलेले तयार कागद मोबाईलवर येतात. प्रिंट काढा, वाटा. कशाला हात मोडून घेता?" त्या कागदांवर ठिपक्यांची अक्षरं असतात. पोरं ठिपके जोडतात आणि अक्षराकडे बघतच नाहीत. मी तसं सुनावते आणि मग दोनशे दहा ओळी लिहीत बसते. हट्ट माझाच, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

खरं सांगायचं तर यंदा हट्टापेक्षा भीती जास्त होती. गेल्या उन्हाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतो. फार नाही. फळ्यावरच्या मोठ्या अक्षरात कळत नाही, वहीत काना ओढताना मात्र रेघ मध्येच हलते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं, शाळेत तर नाहीच. दुसरीच्या पोरांना हात धरून गिरवायला शिकवावं लागतं. माझाच हात गेला तर वर्ग जाणार, आणि वर्ग सोडला तर मला दुसरं काही धड येत नाही. प्रिंट वाटल्या असत्या तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं.

माझे अब्बा कोरेगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अक्षर मला त्यांच्याकडून आलं. शेवटी शेवटी ते डाव्या हातानं उजवं मनगट धरून ब्रश चालवायचे. एका सकाळी पाटी अर्धी टाकून शिडीवरून उतरले, "ब्रश आता ऐकत नाही," एवढंच म्हणाले आणि पुन्हा चढले नाहीत. यंदा वह्या लिहिताना माझाही डावा हात आपोआप उजव्या मनगटावर गेला. मी तो ओढून काढला आणि स्वतःवरच चिडले.

लिहून घ्यायची माझी एक पद्धत आहे. पोरं कित्त्याकडे बघत नाहीत, आपण नुकत्याच लिहिलेल्या ओळीकडे बघतात. दुसऱ्या ओळीत चूक झाली की ती दहाव्या ओळीपर्यंत वाढत जाते. म्हणून मी सांगते, पान खालून वर भरत या. मग वर कोऱ्या ओळी राहतात आणि प्रत्येक वेळी कित्त्याकडेच बघावं लागतं. वाकडं आलं तर माझं एकच उत्तर असतं, "परत काढ." झोपेतसुद्धा मी तेच म्हणत असेन.

सुट्टी संपली, वह्या आल्या. पानांवर चकलीच्या तेलाचे ठसे. चार वह्या सरळसरळ आयांनी लिहिलेल्या. एकजण कुंडलला मामाकडे वही विसरून आला होता, ते त्यानं फार आनंदानं सांगितलं. मी कंटाळून एकेक वही पुढे सरकवत होते. मग पहिल्या बाकावरच्या मुलीची आली. वर्गातलं सगळ्यात सुंदर अक्षर तिचं. आणि तिचा एकही काना सरळ नव्हता.

"या काय रेघा गं? एसटीत बसून लिहिलंस होय?"

"न्हाई बाई. तुमचाच काना तसा हाय की."

तिनं पानाच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "आई म्हणली, सरळ काढ. तिनं खोडलं पण. मी परत तसाच काढला. बाईंचं बगून काढायचं आसतंय ना?"

मी बघितलं. प्रत्येक काना वरून नीट निघालेला, मध्यावर जरासा उजवीकडे गेलेला आणि पुन्हा जागेवर आलेला. पहिल्या पानापासून दहाव्या पानापर्यंत, खालून वर. जे मी घरादारापासून लपवलं, ते या पोरीनं दिवाळीभर मन लावून गिरवलं होतं. आधी मला तिचा राग आला. मग इतकी लाज वाटली की वर बघवेना.

"माझा काना चुकलाय," मी म्हणाले. "हात हलतो माझा. तू सरळ काढत जा."

हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. समोर सात वर्षांची मुलगी होती, म्हणून जमलं असावं.

तिनं माझ्या हाताकडे थोडा वेळ बघितलं. "दुखतोय व्हय?"

"नाही. नुसता हलतो."

"मग शेरा द्या की."

मी लाल पेन घेतलं आणि ‘छान’ लिहायला छ काढला. पुढे काना होता. मी थांबले. ती टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि मी वर्गात जसा पोरांचा धरते, तसा तिनं माझा हात वरून धरला. तळवा गार होता आणि बोटं माझ्या बोटांपर्यंत पुरत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून काना ओढला. तो मध्यावर हललाच.

तिनं वाकून तो नीट बघितला.

"परत काढू, बाई," ती म्हणाली आणि हात सोडला नाही.