पायलचा ओटा

कार्तिकातल्या एका सोमवारपासून मी महादेवाच्या देवळात जाणं सोडलं. रागानं नव्हे, थकून. बावीस वर्षं दर सोमवारी शाळेआधी बेल वाहिला होता. पण आता पिंडीसमोर उभं राहून काय बोलायचं, तेच उमगत नव्हतं.

मी बाभुळगाव तालुक्यातल्या एका लहान गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीतली पायल पलीकडच्या बंजारा तांड्यावरून यायची. ताप मेंदूत गेला आणि चार दिवसांत पोर गेली. लोकांना एवढंच ठाऊक होतं. मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाजवळ येऊन म्हणाली होती, "मॅडम, डोकं लय दुखून राह्यलं." गणिताची चाचणी चालू होती. मी मान वर न करताच म्हटलं, "बस जागेवर. आधी पेपर पुरा कर." ती बसली. तिनं पेपर पुरा केला. मी हे कोणालाच सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही.

पालक समितीच्या सभेत समितीतले बापूराव उठून म्हणाले, "पोरगी मधल्या सुट्टीत निंबाखाली पहिलीच्या लेकरांले बाराखडी शिकवे. तिच्या नावानं तिथंच ओटा बांधू." गाव आणि तांडा दोन्ही लागले. कोणी बांधावरचे दगड आणले, कोणी ट्रॅक्टरनं रेती टाकली. पण सुरुवातीचा उत्साह टिकत नाही. तूर काढायला आली, लग्नं निघाली, माणसं पांगली. मी एकेकाच्या दारी जाऊन आठवण करून द्यायचे. खरं सांगते, त्यात भक्ती नव्हती. अपराध्यासारखी मी ते काम ओढत होते.

पायलची आई, तिची 'याडी', शेवंता मात्र रोज सकाळी यायची. बांधलेल्या दगडांवर पाणी मारायची आणि कोणाशी न बोलता शेतात निघून जायची. तिची चाहूल लागली की मी वर्गात शिरायचे. शेवटी मी बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. ओट्याचा कार्यक्रम झाला की देणार होते.

कार्यक्रम सोमवारी होता. रविवारी सकाळी कळलं, गावच्या मिस्त्रीच्या सासरी मयत झाली, तो निघून गेला. प्लास्टर राहिलं होतं. सिमेंटची पोती तशीच पडलेली, आणि सगळं गाव हरभरा सोंगायला शेतात. मी शाळेच्या पायरीवर बसले. डोळ्यांत पाणीही येईना. मनात एवढंच आलं, देवा, आता माझ्यानं होत नाही, तुझं तू बघ. ती प्रार्थना नव्हती. हात टेकले होते मी.

थोड्या वेळानं फाटकासमोर एक मोटारसायकल थांबली. चाक पंक्चर होऊन बसलं होतं. गाडीवाला पन्नाशीचा, अनोळखी. मागे बांधलेल्या थैलीतून गवंड्याची थापी आणि ओळंबा डोकावत होते. शेताकडे निघालेले बापूराव थांबले आणि त्याचं चाक काढून बाभुळगावला घेऊन गेले. तो सावलीला आला आणि ओट्यावरून हात फिरवत म्हणाला, "हे काहून असंच सोडलं, बाई?" मी सांगितलं. त्यानं चपला काढल्या. "माल कालवाले कोनी हाये का?"

कोणी नव्हतं. मी होते, आणि पाण्याची बादली घेऊन उभी असलेली शेवंता.

आम्ही दोघींनी रेती-सिमेंट कालवलं. एकेक घमेलं दोन बाजूंनी धरून मिस्त्रीपर्यंत न्यायचं, रिकामं करून परत यायचं. पाचव्या की सहाव्या खेपेला घमेलं खाली ठेवून मी तिला त्या चाचणीचं सगळं सांगून टाकलं. तिच्याकडे पाहायची हिंमत नव्हती.

ती मातीतच बसली. म्हणाली, "त्या दिशी सकाळी पायल मले म्हनली, याडी, आंग तपून राह्यलं. मी म्हनलं, मले कापूस वेचाले जाचं हाये, तू शाळंत जाय, सावलीत बसशीन." पदर तोंडाला लावला. "तुमी पेपर सोडवाले लावला. पन धाडली तं मीच ना, मॅडम. तिच्या बापालेही सांगतलं नाही म्या."

आम्ही दोघी एकमेकींना धरून रडलो. मिस्त्री पाठमोरा प्लास्टर करत राहिला. जरा वेळानं फक्त एवढंच म्हणाला, "माल सुकून राह्यला, माय." आणि आम्ही उठलो.

दुपारपर्यंत काम झालं. चहा पिऊन, बापूरावांनी आणलेलं चाक बसवून तो निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. या वाटेवर बाभळीचे काटे आहेत, चाकं रोजच बसतात. त्याला कोणी पाठवलं का, यावर मी वाद घालणार नाही. मी फक्त नमस्कार करते.

बदलीचा अर्ज फाडला. सोमवारी कार्यक्रमाआधी देवळात गेले, पण काही मागितलं नाही. शरण जाणं म्हणजे जे झालं ते बरंच झालं असं मानणं, असं मला आजवर वाटायचं. तसं मानणं मला आजही जमत नाही. आपल्याला न पेलणारं ओझं लपवणं थांबवलं, एवढंच माझ्या हातून झालं, आणि तेवढ्यानं श्वास घेता आला. थकवा अजून आहे. पण शेतात जाताना शेवंता फाटकातून हाक मारते, "मॅडम, च्या झाला का?" मी बाहेर येते. घटकाभर आम्ही ओट्यावर बसतो, आणि भोवती पहिलीची लेकरं मोठ्यानं बाराखडी म्हणत असतात.