माहेरचा लोटा

चिंचेने लोटा घासताना बुडाशी बोट अडखळतं. तिथे झाळल्याचा डाग आहे.

बाबा सिल्वासाला शिक्षक होते. आम्ही तिथल्या आमली भागात राहायला आलो, तेव्हा बुडाला भोक असलेलं अभिषेकपात्र कोकणातच राहिलं, आणि श्रावणी सोमवार दुसऱ्या दिवसावर आला. पळीने पाणी घालणं बाबांना पटेना. पिंडीवर धार अखंड हवी. घरात बाकी सगळं स्टीलचं. तांब्याचा लोटा एकच, आईच्या माहेरचा. रोज सकाळी ती त्यातलं पाणी प्यायची.

शेजारचे धुळ्याचे पाटीलभाऊ कंपनीत फिटर होते. ते ड्रिल घेऊन आले.

"वहिनी, होल पाडलं का मंग यात पाणी राहायचं नाही," ते म्हणाले.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा बेलाची पानं निवडत होते.

"पाडा," आई म्हणाली.

सोमवारी धार सुरेख लागली. मला ती फार आवडली. आई शेजारीच बसली होती. तिलाही आवडली असेल, असं मी धरून चालले.

बाबांचं तेरावं झालं, त्याच आठवड्यात आईने भोक झाळून आणलं. लोट्यात पाणी भरलं, आणि ते गळत नाही ना, हे ती बराच वेळ बघत उभी राहिली.