बर्फावरचं मीठ

आईस्क्रीमच्या पॉटभोवतीच्या बर्फावर सून खडेमीठ टाकू लागली की मी तिथून उठते. बाहत्तर-त्र्याहत्तरचा उन्हाळा असेल. आम्ही भिंगारला राहायचो. रक्ताच्या कॅन्सरमुळे वडिलांच्या अंगात साध्या सर्दीशी झगडायचीही ताकद उरली नव्हती, म्हणून त्यांना दर महिन्याला कमरेत गॅमा ग्लोब्युलिनचं इंजेक्शन असायचं. बाटली पुण्याहून एसटीने थर्मासमधून यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर घरी येईपर्यंत ती गार ठेवायचं काम माझं, कारण घरात फ्रिज नव्हता. त्या दिवशी भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फाचं संध्याकाळीच पाणी होऊ लागलं. मीठ घातलं की बर्फ जास्त गार होतो हे मला आईस्क्रीमच्या पॉटवरून ठाऊक होतं, म्हणून मी बाटलीभोवती मुठीमुठीने मीठ पेरलं आणि पातेलं गोणपाटाने झाकलं. सकाळी डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली, तर आतलं औषध पांढरं, घट्ट झालेलं. "गोठलं की हे कामातून गेलं, पोरी. आता पुढच्या महिन्यातच मिळेल." नाडी सैल करून कुशीवर पडलेले वडील सावकाश उठले आणि गाठ मारत मला म्हणाले, "लई ठणकतं ते. बरं झालं, या खेपेला सुटलो बघ." तिसऱ्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला, इंजेक्शनची पुढची तारीख आली तेव्हा घरात सुतक होतं. मीठ मी घातलं होतं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या त्या बोलण्याने मला तेव्हा हायसं वाटलं होतं, हे मात्र मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.